घराच्या किमतीवरचा खर्च: विसार देण्याआधी मांडायचा हिशोब

सांगलीत ४२ लाखांना फ्लॅट ठरला आणि ३२ लाखांचं कर्ज मंजूर झालं, की बहुतेक घरांत ‘आता दहा लाखांची सोय करायची’ असं ठरतं. प्रत्यक्षात सव्वातेरा लाखांच्या वर लागतात. मधले सव्वातीन लाख मुद्रांक, नोंदणी, कर्जाचा दस्त आणि सोसायटी यांत जातात, आणि या रकमेसाठी बँक सहसा उभी राहत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे घराची किंमत १० लाखांच्या वर असेल तर कर्जाचं प्रमाण काढताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी किमतीत धरता येत नाही. म्हणजे हा पैसा आपलाच, खात्यात दिसणारा, आणि दस्ताच्या दिवसाआधी तयार असलेला हवा.

म्हणून हा हिशोब विसार पावती, म्हणजे सौदा पक्का करायला दिलेल्या आगाऊ रकमेची पावती, करायच्या आधी कागदावर मांडा. विसार गेला की बोलणी संपतात. मग सोसायटीचं हस्तांतरण कोण भरणार, जुनी घरपट्टी कुणाच्या अंगावर, पार्किंग किमतीत धरलंय की वेगळं, यावर विक्रेता ‘ते तुमचं तुम्ही बघा’ एवढंच म्हणतो.

आधी सरकारी मूल्य काढा

मुद्रांक शुल्क ठरलेल्या किमतीवरच लागतं असं नाही. ठरलेली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांतला जो आकडा मोठा, त्यावर लागतं. सरकारी मूल्य ज्या तक्त्यातून निघतं त्याला सगळे रेडीरेकनर म्हणतात. दरवर्षी १ एप्रिलला नवा तक्ता लागू होतो, काही वर्षी दर जसेच्या तसे राहतात. मार्चमध्ये ठरलेला व्यवहार एप्रिलवर ढकलताना हे ध्यानात ठेवा.

तक्ता नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतो. जिल्हा, तालुका, गाव निवडायचं (सांगली शहर मिरज तालुक्यात येतं, इथे पुष्कळजण अडखळतात), मग सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर टाकायचा. दर चौरस मीटरचे असतात आणि खुली जमीन, निवासी सदनिका, ऑफिस, दुकान असे वेगवेगळे रकाने असतात. फ्लॅटसाठी सदनिकेचा रकाना बघायचा.

आता क्षेत्रफळ. रेरा या बांधकाम-नियमन कायद्याच्या व्याख्येप्रमाणे कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र, असेल तर त्याची १.१ पट करून बिल्टअप काढतात आणि दर त्याला लावतात. बिल्डरच्या माहितीपत्रकातला ‘सेलेबल’ किंवा ‘सुपर बिल्टअप’ आकडा इथे निरुपयोगी आहे. चौरस फुटांना १०.७६४ ने भागलं की चौरस मीटर मिळतात.

एक उदाहरण घेऊ. कार्पेट ७० चौरस मीटर, म्हणजे साधारण ७५३ चौरस फूट. १.१ पट केलं की ७७. त्या भागाचा सदनिकेचा दर समजा ५५,००० रुपये. तर फ्लॅटचं मूल्य ४२,३५,०००. सोबत १० चौरस मीटरचं छपराखालचं पार्किंग दस्तात लिहिलेलं असेल तर त्याला सदनिकेच्या दराच्या २५ टक्के लागतात, म्हणजे १,३७,५००. एकूण ४३,७२,५००. ठरलेली किंमत ४२ लाख असली तरी शुल्क ४३,७२,५०० वर बसणार.

जुन्या इमारतीला घसारा मिळतो, पण वयाचा पुरावा जोडला तरच. पूर्णत्वाचा दाखला किंवा महापालिकेचा कर आकारणीचा उतारा द्यावा लागतो. तो फाईलमध्ये नसेल तर वीस वर्षांच्या इमारतीचं मूल्यही नव्यासारखं निघतं आणि काही हजार रुपये उगाच जातात. लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यांना घट मिळते, तीही मागून घ्यायची. दस्तलेखक घाईत असेल तर ही दोन्ही कलमं राहून जातात, कारण जास्त शुल्क भरलं म्हणून दस्त कुणी अडवत नाही.

मूल्याबद्दल वाद असेल, मिळकत विचित्र असेल, वाटणी आणि विक्री एकाच कागदात असेल, तर दस्त आधी सह जिल्हा निबंधक तथा मुद्रांक जिल्हाधिकारी यांच्याकडे अभिनिर्णयासाठी द्यावा. ते शुल्क ठरवून लेखी देतात. वेळ जातो, पण नंतर कमी मुद्रांकाची नोटीस आली तर तुटीवर महिन्याला २ टक्के दंड चढतो आणि तो तुटीच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी

सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीत खरेदीखतावर ५ टक्के मुद्रांक शुल्क आणि त्यावर १ टक्का स्थानिक संस्था कराचा अधिभार, मिळून ६ टक्के. जकात गेली, एलबीटी गेला, पण त्याच्या नावाचा हा टक्का दस्तावर राहिला. ग्रामपंचायत हद्दीत दर कमी असतो, म्हणून मिळकत नेमकी कुठल्या हद्दीत आहे हे आजच्या नकाशावर बघा. साताऱ्याची हद्दवाढ २०२० मध्ये झाली आणि शाहूपुरीसारखे भाग शहरात आले. तिथल्या जुन्या खरेदीखतात ‘ग्रामपंचायत हद्दीतील’ असं लिहिलेलं असतं. ते वर्णन तसंच उचलून नव्या दस्तात घातलं की शुल्क चुकीचं निघतं.

नोंदणी फी मूल्याच्या १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. तीस लाखांच्या वरच्या कुठल्याही घराला ती ३०,००० च पडते. याशिवाय दस्त हाताळणी शुल्क पानागणिक असतं. आधी पानाला २० रुपये होते, २०२५ मध्ये ४० झाले. साधा दस्त जोडपत्रांसह तीस पानांचा होतो, म्हणजे १,२०० रुपये. बिल्डरचा करार शंभर पानांच्या वर गेला तर चार हजारांचा हिशोब धरा.

घर बाईमाणसाच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सवलत आहे, १ एप्रिल २०२१ पासून. अटी नीट वाचा. घेणाऱ्या सगळ्या स्त्रिया हव्यात: सासू आणि सून दोघींच्या नावावर चालतं, नवरा-बायको दोघांच्या नावावर चालत नाही. फक्त राहत्या घराला, म्हणजे फ्लॅट, बंगला, रो-हाउसला मिळते. मोकळ्या प्लॉटला किंवा दुकानाला नाही. पूर्वी पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकता येत नसे, ती अट २०२३ मध्ये काढली. आपल्या उदाहरणात ही सवलत ४३,७२५ रुपयांची आहे. पण कर्ज नवऱ्याच्या पगारावर असेल तर घर एकटीच्या नावावर ठेवायला बँकेची तयारी आहे का आणि कर्जाची आयकर वजावट कुणाला मिळणार, हे आधी विचारा. मालक नसलेल्या सहकर्जदाराला व्याजाची वजावट मिळत नाही. चव्वेचाळीस हजार वाचवायला जाऊन वर्षानुवर्षांची वजावट घालवणारे दस्त होतात.

आता पूर्ण बेरीज, वरच्याच फ्लॅटची, सवलत न धरता:

मुद्रांक आणि अधिभार ६ टक्के: २,६२,४०० (शंभराच्या पटीत वर धरून)
नोंदणी फी: ३०,०००
दस्त हाताळणी: १,२००
३२ लाखांच्या कर्जाच्या गहाणाचा मुद्रांक: ९,६००
गहाणाची सूचना दाखल करणं: १,३००
सोसायटी हस्तांतरण, कमाल धरून: २५,६००
मिळकतीच्या जुन्या नोंदींच्या तीस वर्षांच्या शोधाची सरकारी फी: ७५०

एकूण ३,३०,८५०. यात वकील, दलाल, बँकेची प्रक्रिया फी नाही. त्यांचे दर ठरवून घ्यायचे असतात. दलाली कितीची आणि दोन्ही बाजूंकडून की एकाकडून, हे पहिलं घर बघायला जायच्या आधी ठरवा.

किंमत कमी दाखवायचा सल्ला

हा सल्ला देणारा कोणीतरी भेटतोच. ‘दस्त ३६ लाखांचा करू, सहा रोख द्या, मुद्रांक वाचेल.’ वाचत काही नाही. शुल्क ४३,७२,५०० वरच बसतं, दस्तात ३६ लिहा की ४२.

उलट नवा कर अंगावर येतो. सरकारी मूल्य दस्तातल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल आणि फरक ५०,००० रुपयांच्या वर असेल, तर पूर्ण फरक घेणाऱ्याचं त्या वर्षाचं उत्पन्न धरला जातो. ३६ लाखांच्या दस्तात फरक ७,७२,५००. दहा टक्क्यांच्या वरचाच भाग धरतात असं नाही, सगळाच धरतात. तीस टक्क्यांच्या पायरीवर उपकरासह २,४१,०२० रुपये. विकणाऱ्याचाही भांडवली नफा सरकारी मूल्य धरूनच मोजतात, आणि वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतलेल्या रकमेएवढा दंड त्याच्यावर बसू शकतो. शिवाय बँक ३६ लाखांच्या दस्तावर कर्ज देणार, ४२ वर नाही. ऐंशी टक्के धरले तर २८ लाख ८० हजार. मंजूर झालेल्या ३२ मधले तीन लाख वीस हजार हातातून गेले.

४२ लाखांच्या खऱ्या किमतीवर फरक १,७२,५०० आहे, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास. दहाच्या आत असल्याने काहीच लागत नाही.

काही भागांत रेडीरेकनर खऱ्या भावापेक्षा वर असतो, विशेषतः मुख्य रस्त्याच्या सर्व्हे नंबरात आतल्या बोळातली मिळकत असेल तर. तिथे खरोखर कमी भावात घर मिळतं आणि तरी हा कर लागू शकतो. अशा वेळी करार आधी आणि दस्त नंतर असेल, तर कराराच्या तारखेचं मूल्य धरता येतं. अट एवढीच की त्या तारखेला किंवा आधी काही रक्कम बँकेतून दिलेली हवी. विसार चेकने किंवा ऑनलाइन द्यायचं हे आणखी एक कारण.

नव्या इमारतीत जीएसटी

जुन्या घराला, म्हणजे रीसेलला, जीएसटी नाही. मोकळ्या प्लॉटलाही नाही. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला आहे: साध्या घराला ५ टक्के, परवडणाऱ्या घराला १ टक्का, १ एप्रिल २०१९ पासून. परवडणारं म्हणजे दोन्ही अटी पाळणारं. एकूण किंमत ४५ लाखांपर्यंत, आणि कार्पेट क्षेत्र महानगराबाहेर ९० चौरस मीटरपर्यंत. सांगली, सातारा, कराड, इस्लामपूर सगळं या ९० मध्ये येतं, त्यामुळे आपल्याकडे मोठा थ्री बीएचकेसुद्धा क्षेत्रफळात बसतो. अडचण ४५ लाखांची असते.

इथेच बोलणी करायची. ४६ लाखांच्या फ्लॅटवर ५ टक्के म्हणजे २,३०,०००. तोच ४५ लाखांत बसवला तर १ टक्का, ४५,०००. किमतीत एक लाख उतरवून घेतले तर खिशात २,८५,००० राहतात. पण या ४५ लाखांत पार्किंग, विकास आकार, कोपऱ्याच्या किंवा बागेसमोरच्या फ्लॅटचे जादा पैसे, सामाईक सोयींचे पैसे सगळे धरतात. फ्लॅट ४४ लाख आणि पार्किंग दीड लाख वेगळ्या कागदावर, असं करून मर्यादेत बसत नाही.

भोगवटा किंवा पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतलेल्या फ्लॅटला जीएसटी लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पुढची ओळ मात्र कमी लोकांना माहीत असते: पूर्ण रक्कम दाखल्यानंतर दिलेली हवी. दाखल्याच्या महिनाभर आधी पन्नास हजार बुकिंग भरलं तर करमुक्ती गेली. दाखला येत्या काही दिवसांत मिळणार असं बिल्डर म्हणत असेल तर पैसे देण्याआधी दाखल्याची प्रत मागा, तारीख बघा.

स्वतःच्या प्लॉटवर घर बांधताना ठेकेदाराला साहित्यासकट काम दिलं आणि तो जीएसटीत नोंदलेला असेल, तर त्याच्या बिलावर १८ टक्के लागतात. नुसत्या मजुरीचं काम, एकट्या घराचं, करमुक्त आहे. सिमेंट, सळई, विटा स्वतः आणून मजुरी वेगळी देण्यात जो हिशोब बसतो तो इथून.

बिल्डरने १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेण्याआधी करार नोंदवला पाहिजे, असं रेरा कायदा सांगतो. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरच्या किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या इमारतीला रेरा नोंदणी लागत नाही, आणि सांगली, सातारा या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत अशा छोट्या इमारती भरपूर. तिथे करार वकिलाकडून ओळ न ओळ वाचून घ्या. ‘इतर खर्च’ असं एकच कलम दिसलं तर फोड मागा: वीज जोडणी किती, अपार्टमेंट किंवा सोसायटी स्थापन करायचे किती, आगाऊ देखभाल किती महिन्यांची. साठेखतावर, म्हणजे विक्रीच्या आधीच्या करारावर, पूर्ण मुद्रांक भरलेला असला तर त्याच व्यवहाराच्या पुढच्या खरेदीखताला किंवा डीड ऑफ अपार्टमेंटला (फ्लॅट तुमच्या नावावर करणाऱ्या अंतिम दस्ताला) पुन्हा टक्क्यांनी भरावा लागत नाही, नाममात्र लागतो. ते डीड बिल्डर वर्षानुवर्षं करत नाही ही मात्र इथली जुनी खोड. कधीपर्यंत करून देणार हे करारात तारखेने लिहून घ्या.

पन्नास लाख आणि त्यापुढे: टीडीएस

किंमत किंवा सरकारी मूल्य, यांतलं मोठं ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने १ टक्का कापून सरकारात भरायचा. ५६ लाखांवर ५६,०००. पन्नासच्या वरच्या सहा लाखांवर नव्हे. हा खर्च तुमचा नाही, विकणाऱ्याच्या रकमेतून जातो, पण भरायची जबाबदारी आणि दंड तुमचा. ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरायचा. उशीर झाला की दिवसाला २०० रुपये आणि वर व्याज.

दोन घेणारे आणि दोन विकणारे असतील तर प्रत्येक जोडीचा वेगळा फॉर्म, म्हणजे चार. एकेकाचा हिस्सा कमी असला तरी पूर्ण व्यवहार मिळून ५० लाख होत असेल तर कापायचा. आपला हिस्सा पंचवीसच आहे ही पळवाट आता बंद झाली. विकणाऱ्याचं पॅन आधारशी जोडलेलं आहे ना, हे आधी तपासा. पॅन निष्क्रिय असेल तर दर १ वरून थेट २० टक्क्यांवर जातो आणि नोटीस तुम्हाला येते.

वडिलोपार्जित बंगला तीन भावंडांचा आणि त्यांतली एक बहीण अमेरिकेत, असे व्यवहार साताऱ्यात सर्रास होतात. तिच्या हिश्श्याला ५० लाखांची मर्यादा नाही आणि १ टक्का दरही नाही. परदेशस्थ विक्रेत्याचे नियम वेगळे आणि दर बराच जास्त. तिने आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणला तर कमी कापता येतो. हे काम विसाराच्या आधी सीएकडे न्या, दस्ताच्या आदल्या दिवशी नको.

कर्जाच्या मागे येणारे खर्च

बँक मूळ कागद ठेवून घेते, त्याला हक्कपत्रांचं निक्षेप म्हणतात. पाच लाखांवरच्या कर्जाला त्यावर ०.३ टक्के मुद्रांक. नंतर गहाणाची सूचना ३० दिवसांत दाखल करायची: फी १,००० आणि हाताळणी ३००. दाखल करायची जबाबदारी कायद्याने कर्जदाराची आहे. बँकेचा एजंट करतो म्हणून सोडून देऊ नका, पावती घ्या आणि एजंटने त्या दोन फींच्या वर किती घेतले तेही बघा.

प्रक्रिया फीवर १८ टक्के जीएसटी लागतो. बँकेचा वकील आणि मूल्यांकन करणारा यांचे पैसे वेगळे आहेत का, ते मंजुरीपत्रात शोधा. बँकेच्या वकिलाचा शोध अहवाल बँकेसाठी असतो. तुम्ही स्वतःचा वेगळा घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. सरकारी शोध फी वर्षाला २५ रुपये, तीस वर्षांचे ७५० रुपये.

कागदांतून निघणारे छुपे पैसे

सांगलीत गुंठेवारी टाळून चालत नाही. शामरावनगरसारख्या भागांत प्लॉट गुंठ्यांनी विकले गेले, त्यांना २००१ च्या कायद्याखाली नियमित करून घ्यावं लागतं. सुरुवातीला १ जानेवारी २००१ पर्यंतच्या प्लॉटना ही सोय होती, २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र नसेल तर प्रशमन शुल्क (अनधिकृतपणा मिटवायची रक्कम) आणि विकास आकार पुढे तुम्हाला भरावा लागतो, कर्ज अडतं, बांधकाम परवाना अडतो. विक्रेता ‘फाईल दिली आहे’ म्हणाला तर फाईल नंबर घेऊन महापालिकेत तिची अवस्था बघा. कृष्णेच्या बाजूला असाल तर निळी आणि लाल पूररेषाही त्याच फेरीत विचारा.

सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ लिहिलेलं असेल तर थांबा. अशी जमीन विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि बहुधा नजराणा, म्हणजे सरकारात भरायची रक्कम, लागतो. कोयना प्रकल्पग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेल्या जमिनी या वर्गातल्या असतात आणि त्या सातारा, सांगली दोन्हीकडे आहेत. परवानगी आणि नजराणा विकणाऱ्याने पूर्ण करून मगच विसार, हा क्रम उलटा करू नका.

घरपट्टी आणि पाणीपट्टीची थकबाकी मिळकतीबरोबर येते. महापालिकेचा थकबाकी नसल्याचा दाखला आणि महावितरणचं शेवटचं भरलेलं बिल दस्ताआधी हातात हवं. सोसायटी असेल तर हस्तांतरण अधिमूल्य किती घेता येतं याला २००१ च्या शासन निर्णयाने मर्यादा घातली आहे: महापालिका हद्दीत २५,०००, ‘अ’ वर्ग नगरपालिकेत २०,०००, ‘ब’ मध्ये १५,०००, ‘क’ मध्ये १०,०००, ग्रामपंचायतीत ५,०००. त्यावर ५०० हस्तांतरण फी आणि १०० प्रवेश फी. ‘इमारत निधी’ किंवा ‘ऐच्छिक देणगी’ म्हणून लाखभर मागणाऱ्या समित्या असतात. पावतीवर देणगी लिहून ती सक्तीची होत नाही. कुटुंबातल्या हस्तांतरणाला अधिमूल्य नाही.

दस्ताचा दिवस

मुद्रांक आणि नोंदणी फी शासनाच्या ग्रास या संकेतस्थळावरून ऑनलाइन भरायची. चलनावर घेणाऱ्याचं नाव, बरोबर जिल्हा, बरोबर कार्यालय आणि मिळकतीचं वर्णन. चूक झाली तर पैसे परत मिळतात, पण अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, त्यात थोडी कपात होते आणि तोवर दुसरं चलन खिशातून. म्हणून दस्ताचा अंतिम मसुदा दोन्ही बाजूंनी सही करून नक्की केल्यावरच चलन भरा.

दस्ताची माहिती संकेतस्थळावर आधी भरून ठेवायची, तिचा क्रमांक आणि वेळेची नोंद घ्यायची. सोबत सगळ्यांचे पॅन आणि आधार मूळ, दोन साक्षीदार, चलन, मूल्यांकनाचा कागद, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, विकणाऱ्याचं आधीचं खरेदीखत, बांधकाम परवाना आणि दाखले. नावाचं स्पेलिंग आधार, पॅन आणि दस्त तिन्हीकडे एक आहे का ते घरी बघा. ‘पाटील’ची इंग्रजी स्पेलिंग दोन कागदांत दोन असते आणि नंतर टीडीएसला, फेरफाराला तीच नडते. कार्यालयात फोटो आणि अंगठा होतो, मग स्क्रीनवर सूची क्रमांक दोनचा, म्हणजे दस्ताच्या नोंदणीच्या गोषवाऱ्याचा, मसुदा दिसतो. क्षेत्रफळ, मजला, फ्लॅट नंबर, पार्किंग आणि किंमत तेव्हाच वाचा, कारण नंतर चूक दुरुस्त करायला चुकदुरुस्ती दस्त लागतो आणि विकणाऱ्याला पुन्हा बोलवावं लागतं. तो तोवर पुण्याला गेलेला असतो.

‘ऑफिस खर्च’ नावाची एक रक्कम दस्तलेखकाच्या चिठ्ठीत दिसेल. असं सरकारी शीर्ष नाही. त्याची स्वतःची फी असेल तर तशी पावती मागा.

सही झाल्यापासून नोंदणीला चार महिने मिळतात. त्यापुढे आणखी चार महिने दंडासह, आणि दंड नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. इतकं लांबवायचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: कर्जाचा चेक अडकलेला. बँकेकडून वाटपाची तारीख आधी लेखी घ्या.

मूळ दस्त बँकेत जाण्याआधी पूर्ण रंगीत प्रत काढून ठेवा. मग नाव लावायची कामं: शहरात सिटी सर्व्हेकडे मालमत्ता पत्रकावर, गावात तलाठ्याकडे, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, फेरफार, शिवाय महापालिकेत घरपट्टी आणि महावितरणमध्ये वीज. फेरफाराची सूचना दस्तानंतर आपोआप जाते, हरकतीला पंधरा दिवस असतात, पण नोंद मंजूर झाली की नाही ते आपणच ऑनलाइन बघायचं. तिथे ‘कागदपत्रे अपूर्ण’ असा शेरा पडून प्रकरण महिनोन्‌महिने पडून राहतं आणि कुणी कळवत नाही.

मुद्रांक आणि नोंदणी फीच्या पावत्या फेकू नका. जुन्या कर पद्धतीत असाल तर त्या वर्षी दीड लाखाच्या वजावटीत ही रक्कम धरता येते, नव्या पद्धतीत नाही. पण घर पुढे विकाल तेव्हा हीच रक्कम खरेदी किमतीत मिळवून नफा कमी दाखवता येतो, दोन्ही पद्धतींत. त्यासाठी चलन, सूची क्रमांक दोन आणि दस्तलेखकाची पावती एकाच पाकिटात, आयकराच्या कागदांसोबत ठेवा.